पाठमोऱ्यांचा भोंगा

मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. बॅटरी नाही, बटण नाही, वायर नाही. पुढं रुंद तोंड, मागं अरुंद तोंड आणि बाजूला एक मूठ, बस्स. मला हळू बोलता येत नाही, मित्रांनो, तेव्हा कानांची तयारी ठेवा.

तेलाचा डबा कापून एका पत्रेवाल्यानं मला घडवलं. करावे गावच्या देवजीनं मला जत्रेत चुकलेल्या पोरांची नावं पुकारायला आणलं. पण त्याची दोस्ती झाली सितारामशी, आणि माझं नशीबच पालटलं. सिताराम महाडकडचा, कारखान्यात क्लार्क, जुईनगरला भाड्यानं राहणारा. देवजी खाडीवर वाढलेला. दोघांना कवितेचं भयंकर वेड! त्यांनी आणखी चार टाळकी जमवली आणि एक चळवळच काढली. लोक त्यांना पाठमोरे म्हणू लागले.

नियम एकच. कविता म्हणताना लोकांकडं पाठ करायची. तोंड बघून आणि हातवारे बघून टाळ्या पडतात, कविता राहते बाजूला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भिंतीकडं तोंड करून माझ्यातून कविता म्हणायची. आवाज भिंतीवर आपटून लोकांकडं जायचा. कविता लिहून ठेवत नसत, तोंडपाठ असत. सुरुवातीला लोक ओरडायचे, “ओ कवी, इकडं बघा की जरा!” मोठमोठ्या साहित्यिकांनी नाकं मुरडली. पण हळूहळू नाक्यानाक्यावर गर्दी जमू लागली आणि माझी कॉलर, म्हणजे मला असती तर, ताठ झाली असती.

मग जासईचा कार्यक्रम आला. शाळेच्या पटांगणात बाकं जोडून स्टेज केलं होतं. सिताराम नवी कविता म्हणत होता. त्याचा आवाज खणखणीत, त्याला माझी गरज नसे. मी शेजारी देवजीच्या हातात होतो. दोघांची तोंडं भिंतीकडं. कविता रंगात आली आणि अचानक सिताराम अर्ध्यात थांबून गर्रकन लोकांकडं वळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. देवजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नियम म्हणजे नियम. गडी वळला नाही. मला भिंतीवर भिरकावून तो तसाच मागच्या बाजूनं उतरून निघून गेला. माझ्या अंगाला पोचा पडला तो तेव्हा.

सितारामनं मला उचलून घरी नेलं. खरं काय झालं होतं, ते मला तिथं कळलं. त्याची बायको सुंदराबाई पहिल्या रांगेत, स्टेजला खेटून बसली होती. तिच्या मांडीवरून त्यांची रांगती पोर, क्रांती, कधी निसटली आणि स्टेजवर चढली, तिलाही कळलं नाही. पोरीनं बापाच्या पँटला हात लावला आणि ती थेट बाकांच्या कडेला गेली. सितारामनं वळून तिला झेललं. टाळ्या त्या झेलण्याच्या होत्या!

देवजीला वाटलं, दोस्त टाळ्यांसाठी फिरला. सिताराम त्याला भेटायला करावेला गेला, तर देवजी आत तोंड करून बसला, बोललाच नाही. सिताराम घरी येऊन म्हणाला, “पोरगी पडली असती तरी चाललं असतं त्याला! असली दोस्ती गेली उडत.” म्हणजे सितारामला वाटलं, देवजीला सगळं माहीत आहे. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. सितारामचं नाव निघालं की देवजी उठून जायचा, मग सांगणार कोण?

मला ठाऊक होतं. पण मला तोंडं दोन असली तरी फुंकणारं माणूस लागतं. मी माळ्यावर गेलो. वर्षानुवर्षं खाली उतरवलं तर फक्त ड्रममध्ये पाणी ओतायचं नरसाळं म्हणून. सिताराम वारला, त्या दिवशीसुद्धा करावेहून कुणी आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

क्रांती मोठी झाली आणि तिनं बापाच्या चळवळीवर नाटक लिहिलं, ‘पाठमोरे’. मला माळ्यावरून काढलं, घासलं, पुसलं. जुईनगरच्या एका हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. नटाला प्रेक्षकांकडं पाठ करायची नाही असं शिकवलेलं असतं. इथं सगळं उलटं! मागच्या पडद्यानं आवाज गिळून टाकला, म्हणून पडद्याच्या जागी प्लायवूड उभं केलं. सिताराम झाला सुगत. देवजी झाला केतन, देवजीच्या भावाचा नातू.

“आजोबांना आणू का?” केतननं विचारलं.

“आण ना,” क्रांती म्हणाली. “माझ्या बाबांशी कसे वागले ते बघू दे त्यांना. माझ्या जिवापेक्षा त्यांना नियम मोठा वाटला.”

नातवाचं काम बघायला म्हणून म्हातारा देवजी पहिल्या प्रयोगाला आला आणि पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. जासईचा प्रसंग आला. दोघं पाठमोरे उभे. रांगती पोर क्रांती स्वतःच झाली होती, चाळिशीची बाई गुडघ्यांवर! लोक आधी हसले. ती सुगतच्या पायाशी आली, मग स्टेजच्या कडेला. सुगत वळला आणि त्यानं तिला धरलं.

देवजी ताडकन उभा राहिला. “थांब रं! ही पोरगी कवा आली?”

क्रांती तशीच गुडघ्यांवर. “काका, मी तेव्हा अशीच आले होते. बाबा माझ्यासाठी वळले. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मना कोनी सांगला नाय,” देवजी म्हणाला. “मी भिंतीकडं बघत व्हतो.”

क्रांतीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं म्हाताऱ्याला हात देऊन वर घेतलं. त्यानं केतनच्या हातून मला घेतलं आणि पहिल्यांदाच लोकांकडं तोंड करून माझ्यातून कविता म्हटली. सितारामची, जासईच्या त्या संध्याकाळची. “भिंती गं, तुझ्या पाठीला कोण राहतं, आम्ही तुझ्याशी बोलतो तेव्हा कोण ऐकतं...” एकदाच ऐकलेली, पण एक शब्द चुकला नाही. आणि तो थांबला.

“पुढं काय व्हतं, पोरी?”

“माहीत नाही, काका. बाबांनी ती परत कधी म्हटलीच नाही.”

त्यानं मला उलटंसुलटं करून आत पाहिलं. पण माझ्यात आवाज साठत नाही, मित्रांनो. एकीकडून येतो, दुसरीकडून जातो. मला घासूनपुसून ठेवा, नाहीतर भंगारात घाला, माझं काही म्हणणं नाही. भांडा, रुसा, हवं तर मला भिंतीवर आपटा. पण दोस्त का वळला, ते त्याला त्याच संध्याकाळी विचारा. देवजी माझी मूठ घट्ट धरून उभा होता आणि सगळा हॉल पुढच्या ओळीची वाट बघत होता.