भागोजीचं कडवं

माझी नात प्रिती कानांवर हेडफोन चढवून बसली की घरात दुसरं कोणी आहे असं वाटतच नाही. त्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. ती उठून आली, काही न बोलता हेडफोन माझ्या कानांवर बसवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आधी काहीच ऐकू येईना. मग लांबून, बोगद्यातून यावा तसा एक सूर आला. जड, ओला, थरथरणारा. मागे एक ठोका, इतका सावकाश की पुढचा पडतोय की नाही अशी शंका यावी. मी ताट खाली ठेवलं. सासूबाईंचा खोकला मी जिन्यातून ओळखायची, तसा तो सूर ओळखला.

"अगं, हा तर माझा रडका!"

प्रिती टाळ्या पिटायला लागली. "बघ! तुला कळणार म्हणून पैज लावली होती मी पप्पांशी!"

आमची नवज्योत गायन पार्टी होती, भोईवाड्याची. जयंतीला, विहाराच्या वर्धापनदिनाला, लग्नाला आम्ही गायचो. बुधाजीभाऊ मुख्य गायक, माझे यजमान भागोजी कवी, आणि मी आधी पेटीवर, नंतर कीबोर्डवर. त्या काळात बाई कीबोर्ड वाजवते हे बघायलाच निम्मी माणसं यायची. मला ते ठाऊक होतं. मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून मुद्दाम पुढे बसायची.

त्या कीबोर्डवर निरनिराळ्या आवाजांची बटणं होती. वर इंग्रजी नावं. आम्ही आमची ठेवली: पिपाणी, चर्च, डबा आणि रडका. रडका दाबला की सूर ओला होऊन थरथरायचा. मला तोच आवडायचा. पण बुधाजीभाऊंनी त्याला मांडवात बंदी केली होती. म्हणायचे, "वहिनी, इथं माणूस छाती काढून घरी गेला पाहिजे. डोळे पुसत नाही." मग रडका फक्त तालमीत, चहा येईपर्यंत वाजायचा.

तोच कीबोर्ड प्रितीने माळ्यावरून काढला होता आणि ग्रँट रोडला जाऊन दुरुस्त करून आणला होता. जगभरातली पोरं म्हणे असे जुने आवाज हुडकतात, त्यातून काळोखी, संथ गाणी करतात. पोलंडमधल्या कोणी तिला लिहिलं होतं की असा सूर आम्ही कधी ऐकला नाही.

"पोलंडमध्ये कुठून ऐकणार?" मी म्हटलं. "मी भोईवाड्याबाहेर फार तर वरळीपर्यंत गेले."

"गप गं. पुढे ऐक."

पुढे गाणं होतं. तालमीच्या एका कॅसेटमधून तिने ते उचललं होतं आणि त्याची गती एवढी कमी केली होती की एकेक शब्द पाण्याखालून वर येत होता.

*पाटी घेऊन पोर निघाली, उजेड तिच्या माग,*
*पाऊल वाजलं जिन्यावरती, चाळीला आली जाग.*

शब्द भागोजींचे. आवाज बुधाजीभाऊंचा. यजमान जाऊन एवढी वर्षं झाली, त्यांचं गाणं कोणी ऐकत असेल असं माझ्या मनातही नव्हतं.

"शनिवारी भायखळ्याला वाजवायचंय," प्रिती म्हणाली. "मोठा शो आहे, आजी. पण आवाज बुधाजी आजोबांचा आहे. ते हो म्हणाले तरच वाजवणार. नाहीतर नाही."

मला तिचं बरं वाटलं. हल्ली विचारतं कोण? पण ते सहज हो म्हणणार नाहीत हेही कळत होतं, बुधाजीभाऊंना मी ओळखून होते.

ते आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतात. आमच्या चाळीच्या जागेवर हा टॉवर झाला तेव्हा आम्ही सगळे आडवे होतो ते उभे झालो, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी ते वर आले. ऐंशी उलटली तरी शर्ट खोचलेला, खिशाला पेन.

"जय भीम, वहिनी. नातीने काय उद्योग केलाय म्हणे?"

प्रितीने स्पीकरवर लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डोळे उघडले ते थेट माझ्याकडे.

"रडका."

"रडकाच," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं होतं ना?"

"मांडवात नाही म्हटलं होतं. भायखळ्याचं काही बोलला नव्हता."

ते हसले नाहीत. प्रितीकडे वळले. "पोरी, माझा आवाज म्हातारा करून टाकलास. मी काळी चारच्या उंच पट्टीत गायचो. परळ नाक्यापर्यंत ऐकू जायचं. आणि आपली गाणी रडायची नाहीत. रडून झालंय आपलं. आपल्या बापजाद्यांचं रडून झालंय."

"आजोबा, हे रडणं नाहीये," प्रिती म्हणाली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण ती मागे हटली नाही. "ती मुलगी पाटी घेऊन एकटी निघते ना जिन्यावरून? तिला भीती वाटत असेल की नाही? तुमच्या गाण्यात ती भीती ऐकूच येत नाही. ढोलकीच एवढी जोरात आहे. मला तिची भीती पण हवी होती. घाबरत होती आणि तरी गेली. ते जास्त भारी नाही का?"

बुधाजीभाऊ म्हणाले, "आमच्या ताईवर लिहिलं होतं ते भागोजीने. रात्रशाळेला जायची. जिन्यात दिवा नसायचा. मला म्हणायची, बुध्या, खालपर्यंत ये ना." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "घाबरायची, खरं आहे."

मला वाटलं, झालं. पण ते उठून उभे राहिले.

"तरी नाही. भागोजीचं कडवं कुठंय?"

प्रितीला कळेना. तिला सांगावं लागलं. आमच्यात गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. कुठला, कोण, ते गाण्यातच सांगायचं. मांडवात कितीही उशीर होवो, पोलीस येऊन उभे राहोत, नावाचं कडवं गायल्याशिवाय गाणं खाली ठेवायचं नाही.

"नाव कापलंस तर गाणं बेवारस," बुधाजीभाऊ म्हणाले. "उद्या कोणीही म्हणेल माझं आहे."

"मी नाही कापलं, आजोबा. कॅसेटची टेप तिथे चावली गेलीय. पुढे नुसती खरखर आहे."

"मग राहू दे."

"तुम्ही गा ना. आत्ता. माझा माईक आहे."

"मी?" ते खेकसले. पण गायकाला गा म्हटलं की त्याचे पाय दाराकडे जात नाहीत, हे मी आयुष्यभर पाहिलंय. मी कीबोर्ड पुढे ओढला. "वहिनी, काळी चार द्या," ते म्हणाले. मी दिली. त्यांनी पहिला शब्द उचलला आणि आवाज मधेच फाटला. पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. मग खोकला. प्रिती पाणी घेऊन धावली, तो पेला त्यांनी हाताने बाजूला सारला. मान खाली घालून बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

प्रितीने घाबरून काहीतरी करायचं म्हणून ते गाणं पुन्हा चालू केलं. मी सवयीने त्याची पट्टी शोधायला लागले. बोट फिरवता फिरवता पांढरी तीनवर जाऊन थांबलं. गती कमी केल्यामुळे सूरही खाली आला होता, चांगला चार घरं खाली. आणि माझ्या लक्षात आलं की बुधाजीभाऊ बोलतात तेसुद्धा आता तिथेच.

मी रडक्यावर तो सूर धरून ठेवला. कॅसेटमधला तरुण बुधाजी संथपणे गात होता, आणि समोरचा म्हातारा आधी नुसता गुणगुणला, मग ओठ हलले. टेप जिथे चावली होती तिथे खरखर सुरू झाली, आणि त्या खरखरीतून ते सरळ पुढे गेले, जणू मधे चाळीस वर्षं पडलीच नव्हती.

*सांगे भागोजी भोईवाड्याचा, ठेवा एवढं भान,*
*पोरीच्या हाती पुस्तक आलं, चाळीचा वाढला मान.*

कुठे टेप संपली आणि कुठे माणूस सुरू झाला ते मलाही सांगता आलं नसतं. प्रिती तोंडावर हात ठेवून उभी होती. माईक चालू ठेवण्याइतकी अक्कल तिने दाखवली होती, हे नशीब.

"कुठली पट्टी दिली होती, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"तुमची," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग प्रितीला म्हणाले, "वाजव. पण नाव नीट ऐकू आलं पाहिजे. त्याच्यावर तुझं ते धूम-धडाम नको."

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं टॅक्सीने भायखळ्याला गेलो. जुनं गोदाम होतं, आत निळा उजेड. काळे कपडे घातलेली पोरंपोरी. आम्हाला खुर्च्या आणून दिल्या, पण बुधाजीभाऊ बसेनात. मीही उभी राहिले.

प्रितीने सुरुवात केली. तो ठोका पायांतून वर येत होता. शे-दोनशे पोरं डोळे मिटून डुलत होती, आणि कोणी रडत नव्हतं. मांडवात मी लोकांना नाचताना पाहिलंय, घोषणा देताना पाहिलंय. इतकं गप्प राहून ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. खरखर आली. मग प्रितीने सगळं थांबवलं. ठोका नाही, काही नाही, फक्त माझा एक सूर आणि त्यावर बुधाजीभाऊंचा आताचा आवाज. भागोजी भोईवाड्याचा. प्रत्येक अक्षर भिंतीवर जाऊन आदळलं.

शो संपल्यावर एक मुलगी प्रितीला विचारत होती, नाकात रिंग, गळ्यात साखळ्या. "यार, तो एंड! हू इज भागोजी?"

प्रिती तोंड उघडणार तेवढ्यात मी मधे गेले.

"माझा नवरा," मी म्हटलं. "बस डेपोत रंगारी होता. कवी होता. आणि कीबोर्ड मी वाजवलाय."

"आणि गायलोय मी," बुधाजीभाऊ मागून म्हणाले. "दोन्ही वेळा."

त्या मुलीने फोन काढला आणि नावं पुन्हा सांगा म्हणाली. आम्ही सांगितली. तिने भागोजीतला भ चुकवला, तेव्हा बुधाजीभाऊंनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.