तीन पायांचा घोडा

साहेब, तुमच्या कागदावर तुम्ही लिहिलं, ‘सागाचे चोरटे लाकूड, नग सात’. ती माणसं होती. आणि तुम्ही ती गाडीत घालून त्यांच्याच नातवंडांच्या शाळेत जाळायला धाडली.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू पोरांची वसतिशाळा. भर दुपारी जंगलखात्याची बैलगाडी आली. स्वयंपाकीण तानाबाई लाकडं उतरवून घेत होती. दहा वर्षांची सुकाय भांडी घासत होती. तिसरं लाकूड उतरलं अन् तिच्या मुठीतली राख गळली. लाकडावर घोडेस्वार कोरलेला, वर चांद-सूर्य. घोड्याला पाय तीनच.

तो तिच्या आज्याचा, भुराचा मुंडा. कोरकू माणूस मेला की त्याच्या नावानं सागाचा खांब कोरून गावाबाहेर झाडाखाली गाडतात. तोवर त्याचा जीव भटकत राहतो. हा सुकायच्या बापानं कोरलेला. त्याची पटाशी घसरली अन् चौथा पाय उडाला. गाव हसलं होतं, “बुढा लंगडा, घोडाही लंगडा. बरी जमली जोडी.”

हेडमास्तर रंगराव कुऱ्हाड घेऊन आला. सुकाय खांबावर आडवी पडली.

“गुरुजी, हा माहा आजा आहे.”

“तुहा आजा लाकडाचा व्हता काय? ऊठ.”

“नाही उठत.”

आधी छडी. छडी मोडली तशी लाथ. मग त्यानं कुऱ्हाड उलटी धरून तिच्या हातावर हाणली. दोन बोटं तुरीच्या काडीसारखी कडकन वाजली. तिनं खांब सोडला नाही.

आजा सांगून गेला होता, अंगातलं बळ सरलं की मेलेल्यांची नावं घे. तिनं रक्त थुंकलं अन् घेतली. कोरकूत. त्या शाळेत कोरकूच्या एका शब्दाला पाच छड्या होत्या.

“भुरा. भुराचा बाप तोता. तोताचा बाप झापू.”

ओसरीवरून एका पोरानं त्याच्या आज्याचं नाव घेतलं. मग दुसऱ्यानं. मग चाळीस पोरांनी. रंगरावानं दोरखंडानं दिसेल त्याला झोडलं. कुणाचा कान फाटला, कुणाची पाठ सोलली. नावं थांबेनात. शेवटी तोच धापा टाकत खाली बसला.

“चूल पेटव वं,” तो तानाबाईवर खेकसला.

तानाबाईनं काडेपेटी त्याच्या पुढ्यात ठेवली. “तुमीच पेटवा गुरुजी, अन् तुमीच खा. मले नाही जमत मढ्यावर भाकर भाजणं.”

पोरांनी सातही खांब खांद्यावर घेतले आणि दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डोंगर चढून गेली. खांब पुन्हा गाडले.

चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, साहेब. बंदूकवाले शिपाई घेऊन. खांब उपटले. सुकायचा बाप आडवा आला, तर तुमच्या शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं त्याचं डोकं फोडलं. तो भुराच्या खांबाच्याच खड्ड्यात पडला अन् तिथंच मेला. खांब तुम्ही घेऊन गेलात. सुकाय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

तिची बोटं वाकडीच जुळली. त्याच बोटांत पटाशी धरून ती आता बापाचा मुंडा कोरते आहे. साग तुमच्याच जंगलातला आहे. घोड्याला पाय तिनं मुद्दाम तीनच ठेवलेत.

हेही चोरटं लाकूड का, साहेब? आणि तिच्या आज्याला कुठं नेलं? उत्तर द्या.