सरदाराचं काळं बटण

"थांब, थांब. तू त्या म्हाताऱ्याला खाली ठेवलंस?" भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"ठेवलं," माझा नवरा म्हणाला.

"भुयारात? मागून राक्षस येत असताना?"

"दमलोय मी, दादा. पाठीवर घेऊन किती चालायचं?"

म्हातारा म्हणजे एक जखमी जादूगार. जादूगार, भुयार, राक्षस, सगळं भाऊजींच्या डोक्यातलं. माझे हे मोठे दीर दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आपला खेळ मांडतात. गोष्ट ते सांगतात. बाकीचे आपापलं सोंग घेऊन तीत शिरतात, आपण काय करणार ते बोलून दाखवतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. चाळिशी ओलांडलेले पुरुष. पोटं सुटली, टकलं पडली, पण तलवारी काही म्यानात जात नाहीत.

प्रत्येकापुढे शर्टाचं एक बटण असतं. सज्जनाला पांढरं, दुर्जनाला काळं. सज्जन वाईट वागला की भाऊजी त्याचं बटण बदलतात आणि त्याची शक्तीही काढून घेतात. शाळेत पर्यवेक्षक आहेत ते. आठवडाभर पोरांची वागणूक तपासून हौस फिटत नाही, म्हणून रविवारी सरदारांची तपासतात. शरण आलेल्या राक्षसाला मारलं तर ते पाप की नाही, यावर ते चहाचं पार सरबत होईपर्यंत बोलू शकतात.

माझा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. खेळात तो सरदार, आणि पहिल्या दिवसापासून पांढऱ्या बटणाचा. त्याने जखमेवर हात ठेवला की जखम भरते, ही त्याची शक्ती. कोणासमोर सांगायला लाजतो, पण आतून त्याला तिचा फार अभिमान आहे. मला हसू येतं, पण मी हसत नाही.

टेबलाच्या पलीकडच्या खोलीत माझे सासरे झोपून असतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलवटते. खांदे नवरा धरतो, पाय मी. तो कामावर गेला की शेजारणीला हाक मारते. आता माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांनी आत्तापासूनच वजन उचलायला बंदी केलेली. म्हणून पंधरा दिवस बाबांना तुमच्याकडे न्या, एवढंच आम्ही भाऊजींना विचारलं होतं. "रविवारी सांगतो," म्हणाले होते.

हाच तो रविवार. आल्या आल्या त्यांनी दारातूनच "काय बाबा, बरे ना?" अशी हाक टाकली, उत्तराची वाट न बघता पिशवीतून फासे काढले आणि बसले. माझी जाऊ सगळ्या नातेवाइकांना सांगते, हे दर रविवारी न चुकता बाबांना भेटायला जातात.

"सज्जन माणूस असहाय माणसाला टाकून देत नाही," भाऊजी सांगत होते.

"टाकलंय कुठे? जरा दम खाऊन परत उचलेल की तो," औषधवाला म्हणाला. नाक्यावरचं औषधांचं दुकान त्याचं. खेळात तो चोर आहे, काळ्या बटणाचा, आणि ते बटण मेडल असल्यासारखं पुढ्यात ठेवतो.

"चांगुलपणात दम खायचा नसतो."

हे ऐकून मी चहाचा ट्रे असा आदळला की फासे उडाले. भाऊजींनी ते पुन्हा नीट लावले. मग बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक काळं बटण काढून नवऱ्यापुढे सरकवलं आणि पांढरं उचललं. "नियम म्हणजे नियम. हात ठेवून बरं करायची शक्तीही गेली तुझी."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. एका बटणासाठी! मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात आतून बाबांनी हाक मारली. कूस बदलायची वेळ झाली होती. नवरा बटण मुठीत घेऊनच उठला. मीही निघाले तसा म्हणाला, "तू नको. दादा, जरा पाय धरतोस?"

भाऊजी फासे गोळा करायला लागले. "अरे, माझी कंबर... आणि बाबांना असं बघवत नाही रे मला. मी पडलो हळवा."

"बरं. आणि पंधरा दिवसांचं काय?"

"तेच सांगणार होतो. नाही जमायचं. आमचं घर हे एवढं, मुलीची परीक्षा... आणि तू करतोयस ना छान. तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला जमणार आहे?"

हळवे म्हणे! मघापासून एका जादूगारासाठी जीव तुटत होता ह्यांचा.

"भाऊजी, मग त्या जादूगाराला तरी न्या घरी," मी म्हटलं. "त्याला जागा लागत नाही."

"हे बघ, खेळ वेगळा आणि आयुष्य वेगळं."

"ते दिसतंय."

औषधवाल्याने बिस्किटाचा चुरा पँटीला पुसला आणि उठला. "पाय कुठून धरायचे, वहिनी? गुडघ्याखाली हात घालू?" आत जाताना त्याचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटलं, त्याने एक सणसणीत शिवी हासडली, पण बाबांना नीट वळवलं. "बाबा, मी चोर आहे बरं का, खिसे सांभाळा," म्हणाला. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. बाहेर येऊन मला म्हणाला, "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा येत जाईन मी." आणि उरलेली बिस्किटं खिशात घालून निघून गेला.

भाऊजी डबा आवरत होते. बटणं मोजली, पुन्हा मोजली. "एक काळं कमी आहे."

नवरा अजून आतच होता.

"अरे, ते बटण दे रे! सेट मोडतो माझा."

भाऊजी चरफडत उठले, बाबांच्या खोलीच्या दाराशी गेले, घुटमळले आणि आत शिरले. किती महिन्यांनी, देव जाणे. मी मागोमाग गेले.

बाबांच्या सदऱ्याचं वरचं बटण कधीपासून तुटलं होतं. नवरा पलंगाच्या कडेला बसून तिथे ते काळं बटण शिवत होता. पांढऱ्या सदऱ्यावर ते ठळक दिसत होतं.

"कोण?" बाबांनी जड जिभेने विचारलं.

"दादा आलाय, बाबा."

बाबांचा चेहरा खुलला. "कशाला रे?"

नवऱ्याने दातांनी दोरा तोडला. "बटण न्यायला."

भाऊजी काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, राहू दे म्हणतील. तेही म्हणाले नाहीत. थोरल्याने मागितलेली वस्तू बाबांनी आयुष्यात कधी नाकारली नव्हती. त्यांनी आपला चालता हात गळ्याशी नेला, बोटांनी ते बटण चाचपलं आणि उपटायला लागले. "घे, घे," म्हणत होते. नवऱ्याने शिवण घट्ट घातली होती, बटण काही निघत नव्हतं.