तोड्याच्या आदल्या दिवशीची सुई

सायखेड्याच्या दवाखान्यात नवसाबाईंनी चार वर्षांच्या नातीला टेबलावर बसवलं आणि फर्मान काढलं, "वैष्णवीला ती भारी सुई द्या. दोन दिस झाले, लय तापलीय."

डॉक्टर जीवननी श्वास मोजले, छाती ऐकली, घसा पाहिला. नाक गळत होतं, पोर पाणी पीत होती. "मावशी, साधी सर्दी आहे. ती सुई अँटिबायोटिकची, सर्दीवर तिचा उपयोग नाही. तापाचं औषध देतो."

"मग आमच्या ह्यांना कशी द्यायचा?"

औषधाची बाटली काढता काढता जीवन थांबले. नवसाबाईंचे यजमान बहिरू चार दिवसांपासून नाशिकच्या दवाखान्यात होते. लघवीतले जंतू रक्तात गेलेले. तपासणीचा कागद कालच जीवनच्या मोबाइलवर आला होता आणि त्यात एकामागून एक औषध निकामी निघालं होतं.

टोमॅटोचा तोडा, म्हणजे फळं तोडायचा दिवस, जवळ आला की बहिरू दवाखान्यात हजर. "उद्या तोडा हाय, आजच उभं करा." सर्दी असो, अंगदुखी असो, जीवन भारी सुई टोचून मोकळे. नाही म्हटलं तर माणूस समोरच्या डॉक्टरकडे जाईल, ही धास्ती. वर गावभर नाव, डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणून. गुण कसला, डोंबलाचा!

आजही गप्प बसता आलं असतं. पण त्यांना ते जमेना. "मावशी, चुकलं माझं. गरज नसताना सुया दिल्या. आता त्यांच्या अंगातले जंतू औषधाला दाद देत नाहीत."

नवसाबाईंनी पोरीला जवळ ओढलं. "एकच औषध सारखं फवारलं की टोमॅटोवरचा करपा दाद देत नाय, हे मला अडाणीला कळतं. तुम्हाला नाय कळलं?"

"कळत होतं."

नवसाबाईंनी बाटली हिसकावून घेतली, पोरीला उचललं. "धाप लागली, पाणी पिईना, तर लगेच आणा," जीवन मागून ओरडले. "नाहीतर सकाळी नऊला दाखवाच."

रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळचे नऊ वाजले, साडेनऊ झाले. समोरच्या डॉक्टरच्या बाकावर नवसाबाई दिसतात का, म्हणून ते तीनदा दारात आले. निदान चुकलं तर?

दहाला वैष्णवी स्वतःच्या पायांनी आत आली, हातात अर्धं बिस्किट. कपाळ गार. जीवनचा जीव भांड्यात पडला.

"हिचा ताप उतरला, सुईबिगर," नवसाबाई म्हणाल्या. "ह्यांचा नाय उतरला. आता कोणती सुई उरलीय?"

"एकच. नाशिकच्या डॉक्टरांनी कालपासून सुरू केलीय."

"आन तिनं बी नाय उतरला तर?"

"त्यापुढं औषध नाही, मावशी," जीवन म्हणाले. वैष्णवी बिस्किट खात होती.