तेरावा छाप

रेयेसच्या घरातला आरसा तळहाताएवढा, पत्र्याच्या चौकटीचा. सणाच्या बाजारात नवऱ्यानं कधीकाळी हौसेनं घेऊन दिलेला. गेलं वर्षभर ती त्यात स्वतःचं तोंड काही बघत नव्हती. सून क्रुसिता पाण्याला किंवा अंगणातल्या भट्टीकडे गेली, की रेयेस पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालायची, तळातून फडक्यात गुंडाळलेला कागद काढायची आणि आरशासमोर धरायची. मग तिला तिचा लाझारो दिसायचा. कागदावर नाही, आरशात.

हे असं का, ते आधी सांगायला हवं. तिचा थोरला मुलगा व्हेंतुरा तांब्यावर चित्रं करायचा. अख्खं गाव शेती करतं, मडकी घडवतं, आणि हा गडी पत्र्यावर मेण थापून सुईनं कोरत बसायचा. सांता फे शहरातल्या मिस हॅडलीनं त्याला ही विद्या दिली होती. कोरलेला पत्रा आम्लात बुडवायचा, रेघा खोल झाल्या की त्यात शाई भरायची, वर ओला कागद ठेवून यंत्रातून दाबून काढायचा. भट्टीतून पाव काढणाऱ्या बायका, कणसं सोलणारे म्हातारे, पटांगणातला मक्याचा नाच, असं काय काय त्यानं छापलं. गाव चिडवायचं. "माझं नाक एवढं होय रे? आता ये बघू रस्सा खायला!" असं म्हणायचं आणि एक छाप मागून न्यायचं.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर त्यानं तो दुसरा नाच कोरला. कोणता, ते इथं सांगायचं नाही. ज्या दिवशी रस्त्यावर माणसं बसवून बाहेरच्यांना माघारी धाडतात, त्या दिवसाचा. गावातलं शेंबडं पोरही जाणतं, की ते डोळ्यांनी बघायचं आणि डोळ्यांतच ठेवायचं. व्हेंतुराला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण धाकटा भाऊ लाझारो त्या नाचात पुढच्या रांगेत होता, आणि महिन्याच्या आत नदीवरचा बर्फ फुटून घोड्यासकट गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. व्हेंतुराच्या डोळ्यांपुढून तो नाच हलेना, तेव्हा त्यानं तो पत्र्यावर उतरवला.

पहिला छाप तो आईकडे घेऊन आला. रेयेसनं तो हातात घेतला आणि ती दचकली. लहानपणी खेचराच्या लाथेनं लाझारोची डावी भुवई फुटली होती, मधोमध केस उगवले नव्हते. कागदावर ती उजवी झाली होती.

"हा माझा नव्हे," ती म्हणाली.

व्हेंतुरानं कपाळावर हात मारला. "छाप उलटा येतो गं, आई. कोरतानाच उलटं कोरायचं असतं. चाळीस पत्रे केले, कधी चुकलो नाही. ह्याच्या वेळी मात्र तो जसा डोळ्यांपुढे आला, तसाच हातातून उतरला. आणि शाईपण जास्त झालीय. भट्टीत टाक तो."

तिनं मान डोलावली. भट्टीत मात्र टाकला नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला चौथ्या दिवशी निरोप देतात. त्याचं सगळं मार्गी लावायचं, मग हाका मारायच्या नाहीत, रडून अडवायचं नाही. गेलेले ढग होऊन येतात. धरून ठेवले तर येणार कसे? रेयेसनं हे दुसऱ्यांच्या दारी जाऊन शंभरदा सांगितलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा तिनं पिठाचं पिंप गाठलं. मी तिला नावं ठेवणार नाही. ज्यानं पोर पुरलं नाही त्यानं तर मुळीच ठेवू नयेत.

बाकीचे छाप मिस हॅडलीच्या घरी पेटीत पडून होते. शरद ऋतूत तिनं चांगल्याच मनानं एक छाप शहरातल्या एका दुकानाच्या काचेत लावला, काही विकलेही. मडकी विकायला गेलेल्या गावातल्या एका बाईनं तो पाहिला आणि मडकी तिथंच टाकून ती घरी पळत आली. त्या वर्षी डिसेंबर सरला तरी डोंगरावर बर्फ नव्हता. पाट कोरडे. गोवरानं दोन मुलं गेली होती. लोकांनी दोन आणि दोन चार केले.

पंचांमध्ये सर्वांत वडीलधारा देसिदेरियो, रेयेसचा सख्खा थोरला भाऊ. भाच्याला समोर उभा करून त्यानंच निकाल सांगितला. पत्रा आणि एकूण एक कागद गावात परत आले पाहिजेत. नाही आले, तर हे घर नदीपलीकडे. बायको, मुलगी, म्हातारी, सगळी.

व्हेंतुरा पंधरा दिवस वणवण फिरला. मिस हॅडलीनं रडत रडत नऊ परत दिले. एकासाठी त्यानं घोडा दिला. एका वकिलाच्या पायऱ्यांवर तो दोन दिवस बसून राहिला, तेव्हा वकिलाच्या बायकोलाच लाज वाटली. बारावा मिळाला त्या दिवशी तो अंगात ताप घेऊन चालत गावात आला. पंचांदेखत त्यानं नदीकाठच्या दगडावर पत्रा घासून सपाट केला, बारा कागद जाळले, हातात मक्याचं पीठ घेऊन शपथ वाहिली.

क्रुसिता धावत घरी आली. "सुटलो, आई! पीठ हातात घेऊन हे म्हणाले, जगात ह्याचा आता एक कागद उरला नाही. मामांनीसुद्धा पाठीवर हात ठेवला. अहो, अशा का बसलात? उठा ना, काहीतरी गोड करू."

रेयेस पिंपाला पाठ टेकून बसली होती. पोरगा खोटं बोलला नव्हता. खोटं तिनं त्याच्या तोंडी घातलं होतं. आता जाळावा, तर जगात लाझारोचं काही म्हणजे काही उरत नव्हतं. पत्रा गेला होता, बारा गेले होते. ठेवावा, तर जिवंत लेकाच्या डोक्यावर खोटी शपथ. त्या दिवशी तिनं पिंपात हात घातला तो फक्त पिठासाठी. दुसऱ्या दिवशी आरसा काढला. तिसऱ्या दिवशी तीनदा काढला. मनाला समजावत होती, उद्या जाळू, आज नीट बघून घेऊ.

पाचव्या दिवशी चार वर्षांच्या इनेसच्या, तिच्या नातीच्या, अंगावर पुरळ उठलं.

सरकारी नर्स औषध देऊन गेली. क्रुसिता पोरीला मांडीवर घेऊन नुसती डुलत राहिली. व्हेंतुरा एकदाच बोलला, तेही भिंतीकडे बघून. "मी सगळे आणले ना, आई? मग हे का?"

रेयेसनं शाल घेतली, कागद आणि आरसा त्यात लपवले आणि भर दुपारी भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. देसिदेरियो चुलीपाशी कॉफी पीत होता.

"दादा, व्हेंतुरानं शपथ वाहिली तेव्हा त्याला माहीत नव्हतं. जे काय असेल ते माझ्यावर घाल." तिनं कागद पुढे केला.

त्यानं तो पाहिला आणि कप खाली ठेवला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का, रेयेस? घरादाराला वेशीबाहेर काढायला निघालो होतो मी. माझ्या बहिणीच्या घराला! आणि तू हे पिठात पुरून बसलीस?"

"हो."

"चार दिवसांचं काम. चार दिवसांचं! वर्षभर त्याला दाराशी उभं केलंस. तो येणार कुठून आणि जाणार कुठं?"

"मला नाही सोडवत, दादा. माझ्या हातून होत नाही. तू ओढून घे."

तो उठला, पण त्यानं ओढून घेतला नाही. कागदावर वाकून म्हणाला, "हा तर आपला नाहीच. भुवई बघ."

तिनं कागदासमोर आरसा धरला. म्हातारा आरशात बघत राहिला. ज्याला त्यानं पहिला धनुष्यबाण करून दिला होता, तो पोरगा तिथं होता. देसिदेरियोचा हात आरशाकडे जरा पुढे झाला आणि मागे आला. मग तो झटकन दुसरीकडे वळला. "उद्या उजाडताना नदीवर ये. तूच जाळात टाकायचास. पंचांना मी सांगेन, व्हेंतुराचं नाव त्यात येणार नाही. तुला मात्र ह्या वर्षी कुठल्याच नाचाला पटांगणात पाय ठेवता येणार नाही."

"मान्य आहे."

"आणि आरसा घरी ठेवून ये."

उजाडताना नदीकाठच्या जाळात तिनं तो टाकला. कागद जाड होता, पेटायला वेळ लागला. आधी कडा काळ्या झाल्या, मग पाय गेले, मग छाती. तोंड शेवटी गेलं. ती रडली नाही, हाक मारली नाही. भाऊ शेजारी उभा राहून ते बघत होता. राख नदीत गेली तेव्हा दोघंही मागे न बघता घरी आली.

तिसऱ्या दिवशी इनेसचा ताप उतरला. क्रुसिता नर्सच्या बाटलीचे गोडवे गाऊ लागली. रेयेसनं तिला गाऊ दिले. बर्फ काही पडला नाही. आभाळ तसंच कोरडं, निळं.

आईनं सगळं सांगितल्यावर व्हेंतुरा दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. त्या दुपारी तो लेकीला लापशी भरवत होता. रेयेस आरसा हातात घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. आरशात तिचंच तोंड होतं. तिनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं, मग उजवीवर ठेवलं, मग परत डावीवर. कागदावर एक, आरशात एक. वर्षभर दोन्हीकडे बघून बघून तिच्या डोक्यात सगळी गल्लत झाली होती.

"व्हेंतुरा," ती घाबरून म्हणाली, "त्याची कुठली रे? कुठली भुवई फुटली होती?"

"असं काय विचारतेस, आई? ही..."

त्यानं चमचा खाली ठेवला आणि हात स्वतःच्या कपाळाकडे नेला. हात डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे गेला. मग तो तसाच मधे राहिला, आणि आई त्या हाताकडे बघत राहिली.