भिंतीपर्यंत पुरेल इतकी बॅटरी

नरहररावांच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटला बाल्कनी होती, पण तिथे कधी कपडे वाळले नाहीत की तुळस लागली नाही. तिथे बॅटरी राहायची. होडीच्या विजेच्या मोटरीची! गाडीच्या बॅटरीसारखी एका दणक्यात जोर लावणारी नव्हे, तासन्‌तास सावकाश चालणारी, डीप सायकल जातीची. होडी बिचारी धरणावर एका कोळ्याच्या झोपडीपाशी पालथी पडलेली, आणि बॅटरीला घरी जावयाचा थाट. डिस्टिल्ड वॉटर काय, टर्मिनलला व्हॅसलीन काय! भारतीबाई म्हणायच्या, "माझं बीपी कधी इतक्या वेळा बघितलं नाही यांनी."

होडी दोघांची, नरहररावांची आणि हिंमतरावांची. उभा जन्म एकाच सरकारी कचेरीत शेजारी बसून काढला, आणि निवृत्तीनंतर हा नाद. हिंमतरावांचं गाव त्याच धरणात गेलेलं. उन्हाळा कडक पडला की पाणी उतरायचं आणि त्यांच्या शाळेची एक भिंत वर यायची. तिच्यापर्यंत जाऊन एकदा हात लावायचा, एवढीच त्यांची हौस. पण भिंत होती लांब, आणि नरहररावांचा नियम असा की, परत काठाला लागेपर्यंत बॅटरी निम्म्याखाली उतरता कामा नये. उतरली की तिचं आयुष्य घटतं. त्यामुळे दरवेळी भिंत नजरेच्या टप्प्यात आली की हे शहाणे होडी वळवायचे.

यंदा मे महिन्यात हिंमतरावांचा फोन आला. "नऱ्या, शाळा दिसायली बघ! पार खिडकीपर्यंत उघडी पडलीय. ह्या वेळी वळायचं नाही. चल रविवारी."

"नाही वळवत, शब्द देतो. पण बॅटरी आत्ताच चार्जिंगवरून काढलीय. लगेच बघितली तर आकडा फुगून दिसतो. रात्रभर विसावू दे, मग खरं कळेल."

विसावली. नरहररावांनी हायड्रोमीटरने एकेका सेलमधलं आम्ल ओढून पाहिलं, तर एक सेल मंद. झालं! रविवार रद्द. जादा चार्जिंग देऊन सगळे सेल एका पातळीला आणायचे, पुन्हा विसावा, मग दिवा लावून ती किती वेळ टिकते ते बघायचं.

"अरे हौले, येड्या, बंद पडली तर वल्हवू की!" हिंमतराव वैतागले.

"ह्या वयात? नक्को रे बाबा. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारीही तो सेल किंचित मागे होता. किंचितच हो! दुसरा कुणीही निघाला असता. पण मित्राला आयुष्यात एकदाच भिंतीपर्यंत न्यायचं तर काही कमी राहायला नको, असं ह्यांच्या मनानं घेतलेलं. "अजून एक रविवार," नरहरराव म्हणाले.

त्या रविवारी सगळे सेल एकसारखे आले. नरहररावांनी आनंदाने फोन लावला, तो अनुराधावहिनींनी उचलला. हिंमतरावांना पहाटे अर्धांगाचा झटका आला होता.

दवाखान्यातून घरी आणल्यावर नरहरराव भेटायला गेले, तोवर धरण भरत आलं होतं. हिंमतरावांची वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. ते आता चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

अनुराधावहिनींनी चहा आणला. "भावजी, एक सांगू? तो धरणावरचा कोळी दोनदा म्हणाला होता, इंजिनाच्या नावेतून नेऊन आणतो, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, जाऊन या की. तर म्हणतात कसे, नऱ्या तिकडे माझ्यासाठी जिवाचं रान करायलाय. त्याला सोडून गेलो तर त्याला काय वाटेल?"

चहा तसाच ठेवून नरहरराव कॉटवर हिंमतरावांच्या शेजारी बसले. "चुकलो रे हिंमत," म्हणत त्यांनी मित्राचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो उजवा हात होता, त्याला काहीच कळत नव्हतं.