मी, सत्तावीस हजार सातशे एकवीस

मित्रांनो, मी आकडा आहे. सत्तावीस हजार सातशे एकवीस. तसा जुनाच, पण चौलच्या एका वाडीत सुपारीची शेवटची टोपली मोजून झाली तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. बरं वाटलं.

माझा स्वभाव सांगतो. मला दोनानं भागा, तिनानं भागा, बारापर्यंत कशानंही भागा, दर वेळी बरोबर एक उरतो. एकोणिसानं भागलं तर मात्र काहीच उरत नाही. एवढीच माझी कमाई.

वाडी चार भावांची. बहीण सत्यवती, काशीदला दिलेली. वडील गेल्यावर ती वाडीत पाचवा वाटा मागायला आली. थोरला काळूराम म्हणाला, "भांडायचं कशाला? देवाला विचारू." त्यांची रीतच होती. सुपारीचे सारखे वाटे करायचे. एकच उरली तर ती देवाची, आणि वाटणी देवाला मान्य. जास्त उरल्या तर अमान्य.

आधी चार वाटे केले, हातानं. एक उरली.

"बघ! देव चार म्हणतो," काळूराम हसला.

"आता पाचानं करा," सत्यवती म्हणाली.

"परत मोजायचं? टेम्पो उभा हाय भायेर. निकेत, मोबाईलवर कर."

निकेत काळूरामचा मुलगा. त्यानं मला पाचानं भागलं. "पाच हजार पाचशे चव्वेचाळीस पॉइंट दोन."

"म्हंजी दोन उरल्या."

"पॉइंट दोन हाय, बाबा."

"पॉइंट असू दे न्हायतर टिकली असू दे. दोन ती दोनच!"

सगळे हसले. निकेतनं मोबाईल खिशात टाकला.

मी आतून ओरडत होतो. पॉइंट दोन म्हणजे दोन सुपाऱ्या नव्हेत रे! एका सुपारीचे पाच तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. पाच वाट्यांचे पाच तुकडे, म्हणजे उरली एकच! पण आकड्याला तोंड नसतं. मोबाईल ज्याच्या हातात, तो म्हणेल ते माझं बोलणं.

"ढीग घालून बघा ना, दादा. मीच मोजते."

"देवावर संशय घेतेस?"

हक्कसोडीच्या कागदावर तिनं सही केली. वाडी सुटली. मग काळूरामनं ती देवाची सुपारी तिच्या हातावर ठेवली. "घे, मोकळ्या हातानं नको जाऊस." देवाचीसुद्धा ठेवली नाही त्यांनी. तिनं ती ओट्यावर ठेवली आणि एसटी पकडायला गेली.

टेम्पोत चढवताना एक गोण फाटली, सुपाऱ्या गटारात गेल्या, आणि मी संपलो. माझ्या जागी दुसराच कुठलातरी आकडा. वाडीत अजून म्हणतात, आकडा खोटं बोलत नाही. माझ्या नावानं म्हणतात!

मित्रांनो, माझं कौतुक नको. भागाकार तेवढा शेवटपर्यंत करा, कंटाळा आला तरी. आणि कुणाला नाहीच म्हणायचं असेल तर स्वतःच्या तोंडानं म्हणा. माझ्या नाही.